सहाशे अकरा

क्वीन्सटाउन, सिंगापूर
११ डिसेंबर २००५

श्री. प्रबोध यांस,

नमस्कार लिहावा की नाही यात माझा अर्धा रविवार गेला, म्हणून तो सोडून सरळ मुद्द्यावर येतो.

कॉलेजच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका परवा मिळाली. माझा सिंगापूरचा पत्ता माजी विद्यार्थी मंडळाला कोणी दिला, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो मी कधीतरी विचारणारच आहे. पान त्रेचाळीसवर 'आपले फलंदाज : एक तुलना' असा तक्ता आहे आणि खाली संकलक म्हणून आपलं नाव आहे. आपण आता कॉलेजचे शारीरिक शिक्षण संचालक आहात हेही त्याच पानावर समजलं. अभिनंदन.

तक्त्यात एका मोसमात सर्वांत जास्त धावा करणाऱ्यांत पहिलं नाव माझं आहे. १९७६-७७, नऊ डाव, सहाशे अकरा. दुसरा दीनानाथ केतकर, तोच मोसम, तेच नऊ डाव, सहाशे चार. तिसरा कोणी मुकुल नावाचा १९८८चा मुलगा, पाचशे बहात्तर. इथपर्यंत ठीक आहे. पण त्याखाली वेगळी चौकट आखून त्यात एका पोराचा फोटो टाकला आहे. रुचिर दीनानाथ केतकर, तृतीय वर्ष. 'पहिल्या सात डावांत निशिकांत ४७०, दीनानाथ ४८१, रुचिर ५२३. दोन सामने बाकी. एकोणतीस वर्षांचा विक्रम दृष्टिपथात!' ते उद्गारचिन्ह आपलंच असणार. आपल्याला ती सवय पूर्वीही होती.

माझी तक्रार अशी की हा तक्ता तुलना करत नाही, जाहिरात करतो. सात डावांत पाचशे तेवीस हा आकडा मला पटत नाही. आणि आकडे करणारा दीनानाथचा मुलगा, आकडे मांडणारे आपण, हा योगायोगही मला पटत नाही. मी इथे एका बँकेत परदेशी जाणाऱ्या मालाचे कागद तपासतो. बोटीच्या कागदावर एक तारीख आणि विम्याच्या कागदावर दुसरी असली की तो गठ्ठा मी परत पाठवतो. बावीस वर्षं हेच करतो आहे, त्यामुळे कागद फार गुळगुळीत दिसला की माझे कान टवकारतात.

तरी रुचिरच्या सातही डावांच्या स्कोअरबुकाच्या झेरॉक्स पाठवाव्यात. दोन्ही पानं, फलंदाजीचं आणि गोलंदाजीचं.

तळटीपेत लिहिलं आहे की १९७६-७७चं स्कोअरबुक उपलब्ध नाही, म्हणून ते आकडे जिमखान्याच्या फलकावरून घेतले. वाचून वाईट वाटलं. कॉलेजच्या वस्तू नीट सांभाळायला हव्यात.

आपला,
निशिकांत


क्वीन्सटाउन
३१ डिसेंबर २००५

प्रबोध,

'आपण' वगैरे आता पुरे. तू पाकिटात चौदा झेरॉक्स घातल्यास आणि सोबत दोन ओळी. 'सगळं पाठवलं आहे. आठव्या डावात रुचिर एकेचाळीसवर बाद झाला, म्हणजे आता पाचशे चौसष्ट.' बस. सव्वीस वर्षांनी माणूस बोलतो आणि इतकंच बोलतो, तेव्हा समोरच्याने काय समजायचं? ज्याला लपवायचं असतं तो फार बोलतो किंवा अजिबात बोलत नाही. तू दुसऱ्या जातीचा.

मी सुट्टी काढून आमच्या इमारतीखालच्या दगडी टेबलाशी सगळी पानं पसरून बसलो. शेजारी दोन चिनी आजोबा बुद्धिबळ मांडून बसतात, तेही वाकून बघून गेले. सुरेखा म्हणाली, "अहो, जेवायला तरी वर याल की नाही? आणि कोणाच्या मुलाच्या धावा मोजताय सकाळपासून?" ही माझी बायको. तू तिला पाहिलेलं नाहीस. तिला मी एवढंच सांगितलं आहे की पुण्यातल्या एका जुन्या ओळखीच्या माणसाने गडबड केली आहे.

आता ऐक. सातही डावांत मिळून लेगबाय फक्त नऊ! आमच्या वेळी एका डावात दहा-बारा सहज व्हायच्या. पॅडला लागून चेंडू फाइन लेगला जायचा, अंपायर गुडघा उचलून थाप मारायचा, स्कोअररने हात वर करून होकार दिला की मगच पुढचा चेंडू पडायचा. मग या पोराच्या पायाला चेंडू लागतच नाही काय? की लागतो, आणि पॅव्हेलियनमधल्या टेबलावर बसलेला कोणी प्रेमळ हात ती धाव बॅटच्या नावावर लिहितो? गोलंदाजीच्या पानांवर लेगबायचे छोटे त्रिकोण मी भिंग घेऊन मोजले. खाडाखोड एकही नाही. पेन्सिल नाही, सगळं शाईत. असलं स्वच्छ स्कोअरबुक मी जन्मात पाहिलेलं नाही आणि म्हणूनच माझा त्यावर विश्वास नाही.

तुझं आणि दीनानाथचं काय ठरलं आहे ते मला माहीत नाही. पण आमच्या वेळी विद्यापीठाच्या संघात आपल्या कॉलेजातून एकच सलामीचा फलंदाज घेतला जायचा आणि तो मोसमातल्या धावांवर ठरायचा. तेव्हा मी गेलो, तो राहिला. सात धावांनी. आता बापाचं राहिलेलं मुलाला द्यायचं, असं काही मनात घेतलं असशील तर स्पष्ट सांग. निदान माझ्या आकड्याच्या पाठीवर पाय देऊन तरी देऊ नकोस.

निशिकांत


क्वीन्सटाउन
१५ जानेवारी २००६

प्रबोध,

तुझं पत्र आलं. या वेळी पाच ओळी, म्हणजे प्रगती आहे. त्या पुन्हा इथे उतरवतो, म्हणजे मी काय वाचलं याबद्दल नंतर वाद नको.

'१९९४ साली मैदानावरची मॅट गेली, टर्फ आलं. मॅटवर चेंडू उडून मांडीवर बसायचा, आता बसत नाही, म्हणून लेगबाय कमी. हे तुला सुचलं नाही याचं आश्चर्य वाटलं. विद्यापीठाच्या निवड समितीला रुचिरच्या धावा खोट्या असल्याचं निनावी पत्र आलं आहे, म्हणून त्याचं नाव तूर्त बाजूला ठेवलं आहे. तीन फेब्रुवारीला शेवटची बैठक. दीनानाथचं दुकान आता चालत नाही, मुलगा विद्यापीठाकडून खेळला तर खेळाडू म्हणून कुठेतरी चिकटेल एवढीच त्यांची आशा.'

मॅटचा मुद्दा मान्य. मला खरंच सुचलं नाही. माझ्या डोक्यात ते मैदान अजून तसंच आहे, काथ्याची मॅट, चारी कोपऱ्यांना खिळे आणि सकाळी मॅट ताणायला आपण तिघं. मी तिथे एकोणतीस वर्षांत पाऊल टाकलेलं नाही हे विसरूनच मी हिशेब मांडत बसलो. एका मालाचं माप दुसऱ्याला लावणं ही आमच्या खात्यात नवख्याची चूक समजतात. ती माझ्याकडून झाली, लिहून देतो.

पण त्या निनावी पत्राचं तू मला का कळवलंस? पाच ओळींत दोन ओळी त्याच्यावर! ते माझं आहे असं सुचवायचं असेल तर तसं लिही. मी इथे समुद्रापलीकडे बसलो आहे. पत्रावर सिंगापूरचं तिकीट होतं का? नसणार. आणि पुण्यात तुझ्या वाईटावर टपलेले लोक नसतील असं मी धरून चालत नाही. ज्याने कोणी इंग्रजीत टाइप करून ते पाठवलं असेल, त्याची आणि माझी शंका एकच निघाली, एवढंच.

आमची ऋचा सतरा वर्षांची आहे, इथे ज्युनिअर कॉलेजला जाते. माझं हे चाललेलं बघून तिने लॅपटॉप आणला आणि म्हणाली, "पपा, पेपरवर करून काही होणार नाही. गिव्ह मी द डेटा लाह." (लाह ही इथल्या बोलीची शेपटी.) तिने रुचिरचे सगळे डाव एक्सेलमध्ये भरले. मी तिला एक युक्ती सांगितली. लेगबाय गोलंदाजाच्या नावावर लागत नाही. म्हणून फलंदाजांच्या धावांची बेरीज आणि गोलंदाजांनी दिलेल्या धावांची बेरीज जुळते का ते बघायचं. कोणी लेगबाय उचलून फलंदाजाला दिल्या असतील तर फलंदाजांकडे धावा जास्त निघतात आणि गोलंदाजांकडे कमी. (वाइड, नोबॉल मी तिला वेगळे काढायला लावले.)

रुचिरचे सातही डाव जुळले. एका धावेचा फरक नाही.

"सो हि इज क्लीन," ती म्हणाली. "नाउ गिव्ह मी युवर्स. तुझी बुकं कुठायत?" मी म्हटलं हरवली. ती म्हणाली, "देन हाउ कॅन कंपेअर?"

बरोबरच आहे तिचं. १६ जानेवारी १९७७च्या आपल्या शेवटच्या सामन्यात तिसऱ्या गोलंदाजाच्या सहाव्या षटकात काय झालं ते मी तोंडपाठ सांगू शकतो, पण तिला कागद हवा.

तीन फेब्रुवारीपर्यंत समिती काय ठरवते ते कळव. पोराचं नुकसान व्हावं अशी माझी इच्छा नाही. कधीच नव्हती.

निशिकांत


क्वीन्सटाउन
२६ जानेवारी २००६

प्रबोध,

आज गुरुवार. रविवारी चिनी नववर्ष आहे, त्यानंतर मंगळवारपर्यंत सगळं बंद. उद्या दुपारपर्यंत कुरिअर गेलं नाही तर तीन तारखेच्या आत काहीच पोचणार नाही. ऑफिसात प्रत्येक टेबलावर संत्र्यांच्या जोड्या ठेवल्या आहेत आणि सगळे लवकर घरी गेले आहेत. मी रॅफल्स प्लेसला माझ्या जागेवर बसून हे लिहितो आहे. घरी लिहिता येत नाही, कारण ऋचा माझ्याशी बोलत नाही.

स्कोअरबुक माझ्याकडे आहे.

ते तुला माहीतच आहे म्हणा. १९७९ साली मी मुंबईला बँकेत रुजू व्हायला निघालो तेव्हा तू पुणे स्टेशनवर आला होतास. सोडायला आला आहेस असं मला क्षणभर वाटलं. तू एवढंच म्हणालास, "ते बुक जिमखान्यात परत ठेव." मी म्हटलं, कसलं बुक? त्यानंतर आपण बोललो नाही. लोकांना मी सांगत आलो की प्रबोधला माझी नोकरी बघवली नाही. सुरेखालाही हेच सांगितलं आहे.

गेल्या शनिवारी मी बाहेर गेलो असताना ऋचा जुन्या पासपोर्टची पेटी उघडून बसली. तिला शाळेसाठी माझी काहीतरी कागदपत्रं हवी होती. खाली हिरव्या कापडाच्या पुठ्ठ्याचं बुक. मी पाडांगच्या मैदानावर गोऱ्या साहेबांच्या क्लबचा सामना बघून परत आलो, तर ती पंख्याखाली बुक उघडून बसलेली. माझ्या नऊ डावांपैकी आठ तिने भरून टाकले होते, ते सगळे जुळले होते. नववा भरत होती.

"पपा, व्हॉट आर दीज ट्रायँगल्स?"

मी म्हटलं, लेगबाय. चेंडू बॅटला न लागता पॅडला लागला आणि आपण पळालो की गोलंदाजाच्या चौकटीत तसा त्रिकोण काढतात.

"ओके. पण इथे चार ट्रायँगल्स आहेत, आणि समोरच्या पानावर त्याच चार बॉल्सला तुझ्या नावापुढे चार, चार, दोन, एक लिहिलंय. खोडून. यू कॅन सी द ओल्ड पेन्सिल." मग तिने बेरीज दाखवली. फलंदाजांकडे अकरा जास्त, गोलंदाजांकडे अकरा कमी. मीच तिला शिकवलेली युक्ती. ती स्क्रीनकडे बघतच म्हणाली, "इट्स यू, आह?"

मी तिच्यावर ओरडलो. पेटीला हात का लावलास, मोठ्या माणसांच्या वस्तू, वगैरे. मग ओरडायचं संपलं.

आता हे एकदाच लिहून काढतो. तुला ठाऊक आहे, पण समितीला मी जे लिहिणार आहे ते आधी तुझ्यासमोर लिहून बघतो. त्या शेवटच्या सामन्याआधी दीनानाथ माझ्यापुढे तेरा धावांनी होता. त्याने त्रेपन्न केल्या आणि बाद झाला. मी बासष्टवर बाद झालो. म्हणजे तो सहाशे चार, मी सहाशे. चहाच्या वेळेला समोरच्या संघाचा स्कोअरर वडे खायला गेला होता आणि आपला स्कोअरर म्हणून तू टेबलावर एकटा होतास. मी पॅडसुद्धा काढले नव्हते. मी म्हणालो, "प्रब्या, ते चार चेंडू माझ्या बॅटला लागले होते. अंपायरला दिसलं नाही."

तू माझ्याकडे बघितलंस. तुला तिथून पॅडचा आवाज आला असणार, पण तू रबर उचललंस.

मला पाच धावा हव्या होत्या. मी अकरा मागितल्या, कारण पाचच घेतल्या असत्या तर कोणाला तरी संशय आला असता. वीस वर्षांचा होतो, पण बुद्धी तेव्हापासूनच ही.

तू का ऐकलंस हेही आज लिहितो, कारण तू ते कधीच लिहिणार नाहीस. मंगळवार आणि शुक्रवार तू आमच्याकडे वाराने जेवायचास. आई तुला माझ्या शेजारी बसवायची, माझ्याइतकंच तूप वाढायची, आणि मला वाटायचं की आपण दोस्त आहोत. दोस्त होतोच. पण ज्या घरी पान मांडलं जातं त्या घरातल्या मुलाला नाही म्हणायचं कसं, हा हिशेब तू त्या टेबलावर एका क्षणात केला असशील, आणि तो तू करशील हे मला माहीत होतं. लेगबायपेक्षा मला हे जास्त लागतं. तो दिवस रविवार होता. मंगळवारी तू जेवायला आला नाहीस आणि पुन्हा कधीच आला नाहीस. आईने दोन मंगळवार तुझं पान मांडून ठेवलं. ती विचारायची, "प्रबोधला काय झालं रे?" मी म्हणायचो, अभ्यास.

एक गोष्ट मला ऋचामुळे आत्ता कळली. तू फलंदाजीचं पान खोडलंस, पण गोलंदाजीच्या पानाला हात लावला नाहीस. मी इतकी वर्षं समजत होतो की तू ते घाईत विसरलास. त्या गोलंदाजांनी न दिलेल्या धावा त्यांच्या नावावर चढवायला तुझा हात धजला नाही, होय ना? माझं तू ऐकलंस, पण त्यांना बुडवलं नाहीस. खरं काय ते तू त्याच बुकात ठेवून दिलंस आणि मी ते बुक पेटीत घालून देशोदेशी घेऊन हिंडलो. फाडून का टाकलं नाही, हे मला अजून सांगता येत नाही.

आणि निनावी पत्र माझंच. जुरोंग ईस्टला राहणारा शैलेंद्र नाताळच्या सुट्टीत पुण्याला चालला होता. त्याला पाकीट देऊन सांगितलं, तिकडच्या पेटीत टाक, लवकर पोचेल. तुझ्यावर संशय घ्यायला मला एवढं सोपं का गेलं ते आता तुला कळलं असेल. तू आकडा फिरवू शकतोस हे जगात एकाच माणसाला माहीत होतं.

उद्या सकाळी बुक आणि माझं सहीचं पत्र दोन्ही समितीच्या पत्त्यावर जाईल. पत्रात लिहिलं आहे की रुचिर केतकरच्या धावांबद्दलची तक्रार मी केली होती, ती खोटी आहे, आणि माझे सहाशे अकरा नसून सहाशे आहेत. तुझं नाव लिहिलेलं नाही. 'मी स्कोअररला खोटं सांगितलं' एवढंच लिहिलं आहे. तेच खरं आहे.

निशिकांत


क्वीन्सटाउन
२९ जानेवारी २००६

प्रबोध,

कुरिअर शुक्रवारी गेलं. पावतीची झेरॉक्स सोबत जोडतो, तूही लक्ष ठेव. त्या कंपनीवर माझा विश्वास नाही.

आज सकाळी दीनानाथला फोन केला. नंबर स्मरणिकेतच होता, बॅटी दुरुस्त करण्याच्या त्याच्या दुकानाची जाहिरात आहे ना शेवटच्या पानावर. मी काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. चौथ्या वाक्याला त्याने मला थांबवलं.

"अरे निश्या, हे तू मला काय सांगतोस? चारातल्या तीन चेंडूंना मी समोरच्या टोकाला उभा होतो. तुझ्या पॅडचा आवाज मला ऐकू आला होता."

मी विचारलं, मग बोलला का नाहीस?

"बोललो असतो तर तुला काय झालं असतं? तुझे वडील कॉलेजच्या कमिटीवर. प्रबोधला काढला असता. फ्रीशिपवर शिकत होता तो." मग म्हणाला, "राग आला होता. नाही असं नाही. दोन वर्षं तुझं नाव काढलं की उठून जायचो. मग दुकान, लग्न, हे ते. राहिलं."

मी म्हटलं, आता फलक बदलेल, तुझं नाव वर लागेल. त्यावर तो हसला, पण हसण्यात दम नव्हता. म्हणाला, "रुचिर आठवीत असल्यापासून त्याच्या कपाटाच्या दाराला आतून खडूने सहाशे अकरा लिहिलेलं आहे. त्याला तुझा आकडा मोडायचा नव्हता रे. बापाला ज्याने मागे टाकलं तो आकडा मोडायचा होता. आता त्याला सांगू काय, की तुझ्या बापाच्या पुढे कोणी नव्हतंच?"

सांग, असं मी म्हणालो. माझ्या तोंडून म्हणून सांग. फोन ठेवला तेव्हा सुरेखा दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने चहा केला आणि माझ्यासमोर बसून माझ्याऐवजी स्वतःच पिऊन टाकला.

निशिकांत


क्वीन्सटाउन
१२ फेब्रुवारी २००६

प्रिय प्रबोध,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत होतो आणि तुझा आवाज ओळखला नाही, याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तो मी विशीतला म्हणून लक्षात ठेवलेला आहे.

तू सांगितलेलं पुन्हा लिहितो, चूक असेल तर दुरुस्त कर. समितीने तीन तारखेला रुचिरचं नाव घेतलं. पाच तारखेला शेवटचा सामना झाला. बापाने त्याला शनिवारी सगळं सांगितलं होतं, पोर सकाळी उठून नेहमीसारखं मैदानावर गेलं. पाचशे चौसष्टवरून सुरू करून त्याने अशी फलंदाजी केली की समोरच्या संघाचे मास्तरही टाळ्या वाजवत होते. चाळीस धावा झाल्या. म्हणजे बरोबर सहाशे चार. आणि पुढचा चेंडू साधा फुलटॉस, कुठेही मारावा असा, तो त्याने मिडऑनच्या हातात नेऊन दिला आणि बॅट काखेत मारून निघून आला.

तू म्हणालास, "लक्ष विचलित झालं असेल." फोनवरही तुला खोटं बोलता येत नाही.

प्रबोध, मला संशय आहे. चाळीस धावा डोळे मिटून काढणारा मुलगा एकेचाळिसाव्या धावेला फुलटॉस हातात देत नाही. पूर्वीचा मी असतो तर तुझ्याकडे त्या षटकाची झेरॉक्स मागितली असती, मिडऑनला कोण उभा होता ते विचारलं असतं, शेवटचा चेंडू कसा पडला याचा नकाशा काढायला लावला असता. ऋचाला हे सांगितलं तर ती तीन आठवड्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे वळून म्हणाली, "पपा, डोन्ट चेक, ओके?"

तिला मी कबूल केलं आहे. हा एक संशय मी तपासणार नाही.

नवा फलक रंगवाल तेव्हा क्रम असा लागेल. दीनानाथ केतकर आणि रुचिर केतकर, सहाशे चार, एकाच ओळीत. त्याखाली मी, सहाशे. रंगाऱ्याला सांग, माझा आकडा नीट काढ म्हणावं, नंतर खाडाखोड नको. एप्रिलमध्ये मला पंधरा दिवसांची रजा आहे. मी येतो आहे, ऋचालाही आणतो आहे, तिला ते मैदान बघायचं आहे. आई गेली, ते घरही आता नाही, तेव्हा मंगळवारी मी तुझ्याकडे जेवायला येईन. चालेल ना?

तुझा,
निशिकांत